दान आले सरकारदारी

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेत अर्थसंकल्पावरून पेच पडला होता. त्या महिन्याच्या १ तारखेपासून केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज ठप्प होते आणि सैनिकांचा पगार कशातून भागवायचा याची विवंचना होती. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केले की, आपल्या एका मित्राने सैनिकांच्या पगारासाठी १३ कोटी डॉलर दिले आहेत. संरक्षण खात्याने दुजोरा दिला आणि देणग्या स्वीकारण्याचा जो सर्वसाधारण अधिकार खात्याला आहे, त्याखाली ही रक्कम घेतल्याचे सांगितले. देणाऱ्याचे नाव सरकारने सांगितले नाही. ते टिमथी मेलन असल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली. अमेरिकेच्या फौजेत सुमारे १३ लाख माणसे आहेत, म्हणजे डोई १०० डॉलर झाले. पगाराच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. तरीही त्यावर वाद पेटला, कारण संसदेने ज्या खर्चाला मंजुरी दिलेली नाही तो एका धनिकाच्या पैशातून करता येतो का, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. संरक्षण खात्याने ज्या कलमाचा आधार घेतला, त्यात प्रामुख्याने लष्कराच्या शाळा, रुग्णालये, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, दफनभूमी आणि जखमी सैनिक व त्यांची कुटुंबे यांच्यासाठीच्या देणग्यांचा विचार आहे. सगळ्या फौजेचा पगार त्यात बसवणे म्हणजे कलमाला ओढूनताणून मोठे करणे, असे अनेक कायदेतज्ज्ञांचे म्हणणे पडले.

सामान्य माणसाच्या मनात येणारा पहिला विचार वेगळा असतो. कोणी आपण होऊन सरकारला पैसे देत असेल तर घ्यावेत की! करदात्याचा तेवढाच भार हलका होईल. हा विचार साधा आणि सद्भावनेचा आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की, सरकारी खात्याने दान स्वीकारणे हा शिष्टाचाराचा भाग नसून राज्यकारभाराचा निर्णय आहे. पैसा कराचा असो वा दानाचा, सरकारच्या हाती आला की त्यातून सत्ता वापरली जाते. त्यामुळे तो घ्यायचा की नाही, कोणत्या अटींवर घ्यायचा आणि कशावर खर्चायचा, हे ठरवण्याचा हक्क खात्याच्या प्रमुखाचा नाही, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा आहे.

याच मेलन घराण्यातील एक जुने दान शेजारी ठेवून पाहावे. टिमथी यांचे आजोबा अँड्र्यू मेलन हे १९२१ ते १९३२ या काळात अमेरिकेचे अर्थमंत्री होते. डिसेंबर १९३६ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहून आपला चित्रसंग्रह, तो ठेवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये इमारत आणि एक कायम निधी देऊ केला. सोव्हिएत सरकारने लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातून विकायला काढलेली २१ चित्रे त्या संग्रहात होती, आणि राफाएलचे ‘अल्बा मॅडोना’ त्यांतलेच. मात्र याच वेळी मेलन यांनी प्राप्तिकर चुकवल्याचे प्रकरण सरकारने चालवले होते आणि त्याचा निकाल लागायचा होता. संशयाला इतकी जागा असलेले दान विरळाच. ते राष्ट्राध्यक्षांनी परस्पर घेतले नाही. प्रस्ताव संसदेकडे गेला, त्यावर चर्चा झाली आणि २४ मार्च १९३७ रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाने नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट स्थापन झाली. दात्याचे नाव इमारतीला नाही, तशी त्यांचीच इच्छा होती. विश्वस्त मंडळात सरन्यायाधीश, परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री आणि स्मिथसोनियन संस्थेचे सचिव हे चौघे पदसिद्ध, बाकीचे पाच खासगी नागरिक. इमारतीची देखभाल आणि चित्रांची निगा सरकार कायम करील आणि लोकांना चित्रे विनामूल्य पाहता येतील, असे वचन अमेरिकी राष्ट्राच्या नावाने कायद्यातच लिहिले आहे. देशाला काय मिळाले आणि त्या बदल्यात देशाने कोणता बोजा कायमचा पत्करला, हे दोन्ही त्या ठरावात कोणालाही वाचता येते. कर प्रकरणात मेलन यांनी फसवणूक केली नाही असा निकाल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागला, पण तो ऐकायला ते हयात नव्हते. निकाल उलट लागला असता तरी गॅलरीच्या वैधतेला धक्का पोचला नसता, कारण ती एका माणसाच्या मर्जीवर उभी नव्हती.

त्याच १९३७ सालच्या एका निर्णयात अमेरिकेच्या महालेखापालांनी आजही चालणारा नियम स्पष्ट शब्दांत मांडला: खास कायद्याने अधिकार दिलेला नसेल तर कोणत्याही सरकारी खात्याने स्वतःच्या वापरासाठी पैशाची वा मालमत्तेची देणगी घेऊ नये. हा नियम व्यवहारात कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. समजा एखाद्या कार्यालयात टपालाने पाकीट आले, आत हजार डॉलरचा धनादेश आणि ‘तुमच्या चांगल्या कामासाठी’ अशी चिठ्ठी. अधिकाऱ्याने आधी पाहायचे की, धनादेश देशाच्या नावे आहे की कार्यालयाच्या. देशाच्या नावे असेल तर तो सरळ खजिन्यात जातो आणि त्या कार्यालयाला त्यातला एक सेंटही मिळत नाही. कार्यालयाच्या नावे असेल तर पुढचा प्रश्न येतो: आमच्या खात्याला देणगी घेण्याचा अधिकार देणारा कायदा आहे का? नसेल तर धनादेश परत पाठवायचा. असेल तर दात्याने सांगितलेला हेतू त्या कायद्याच्या शब्दांत बसतो का, अट कोणती आहे, दात्याचा या खात्याकडे एखादा ठेका, परवाना किंवा चौकशी अडकलेली आहे का, हे तपासायचे. एवढ्या चाळण्यांतून पार पडलेली रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात जमा होते आणि दात्याने नेमून दिलेल्या कामावरच खर्च होते. हजार डॉलरसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण हजारासाठी जी वाट मोकळी सोडली, तीच १३ कोटींना मोकळी होते.

या नियमाची मुळे अमेरिकेपेक्षा जुनी आहेत. इंग्लंडच्या राजाला कर बसवायचा तर पार्लमेंटची संमती लागे. ती टाळण्यासाठी चौथ्या एडवर्डने १४७५ च्या फ्रान्सवरच्या स्वारीचा खर्च काढायला श्रीमंतांकडून ‘बेनेव्होलन्स’, म्हणजे प्रेमाखातर दिलेली देणगी, मागायला सुरुवात केली. राजाचा माणूस दारात येऊन प्रेम किती आहे ते विचारू लागला की नाही कोण म्हणणार? तिसऱ्या रिचर्डच्या काळात, १४८४ साली, ही प्रथा कायद्याने बंद झाली. तरी सातव्या हेन्रीने ती पुन्हा चालू केलीच. त्याचा मंत्री मॉर्टन याच्या नावावर एक युक्तिवाद सांगतात: थाटात राहणाऱ्याकडे पैसा दिसतोच आहे, तेव्हा त्याने द्यावे, आणि काटकसरीने राहणाऱ्याने साठवला असणारच, तेव्हा त्यानेही द्यावे. अखेर १६२८ च्या हक्कांच्या अर्जात पार्लमेंटने पहिल्या चार्ल्सकडून मान्य करून घेतले की, पार्लमेंटच्या कायद्याशिवाय कोणालाही कर, कर्ज किंवा देणगी द्यायला लावता येणार नाही. कराच्या जोडीला देणगीचा उल्लेख तिथे मुद्दाम आहे. सत्तेपुढे दिलेले दान खुशीचे आहे की धाकाचे, हे बाहेरून ओळखता येत नाही. ज्याचा धंदा सरकारी परवान्यावर चालतो, त्याला आजही हे समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकी राज्यघटनेने हाच धागा पुढे नेला. पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात दोन उपकलमे लागोपाठ येतात: कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज खजिन्यातून पैसा काढता येणार नाही, आणि संसदेच्या संमतीवाचून कोणत्याही पदाधिकाऱ्याला परक्या राजाकडून वा राज्याकडून भेट घेता येणार नाही. पहिल्या उपकलमाला मात्र एक पळवाट होती. पैसा खजिन्यात आलाच नाही तर काढण्याचा प्रश्नच येत नाही. जकात अधिकारी वसुलीतला खर्च आधीच कापून उरलेली रक्कम भरत असत. १८४९ च्या कायद्याने ही वाट बुजवली. सरकारसाठी आलेला पैसा, कोणत्याही मार्गाने आलेला असो, काहीही न कापता खजिन्यात भरायचा. १८८४ साली फुकट सेवेवरही बंदी आली. कार्यालये कारकुनांकडून ‘स्वेच्छेने’ जादा काम करून घेत आणि मग त्या कामाच्या मोबदल्याचे दावे संसदेपुढे येत. पैसे देण्यावाचून गत्यंतर नसे. १९१७ साली तिसरी वाट बंद झाली. रॉकफेलर घराण्याच्या संस्था आणि तत्सम मंडळी सरकारी शिक्षण कार्यालयातल्या काही माणसांचे पगार भरत होती. सरकारकडून त्यांना वर्षाला १ डॉलर नाममात्र वेतन, खरा पगार बाहेरून. माणसे हुशार होती, काम चांगले होते, पण ती नोकर नेमकी कोणाची, हे सांगता येईना. म्हणून सरकारी कामाचा पगार सरकारखेरीज कोणी देऊ नये, असा कायदा झाला.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी चर्चेत सहसा निसटते. सभागृह जेव्हा एखाद्या खात्याला शंभर कोटी मंजूर करते, तेव्हा ते दोन गोष्टी सांगत असते. एवढे काम करा, ही एक. आणि याहून जास्त करू नका, ही दुसरी. लोकशाहीत दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची असते. युद्ध थांबवायचे, पाळत रोखायची, एखादी योजना बंद करायची तर प्रतिनिधींच्या हाती पैसा न देणे हेच खात्रीचे साधन असते. देणगी हे साधन निकामी करते. इराण–काँट्रा प्रकरणात नेमके हेच झाले. निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना मदत करायची नाही, असे अमेरिकी संसदेने १९८४ मध्ये कायद्याने ठरवले. रेगन प्रशासनातल्या मंडळींनी मग बाहेर हात पसरला. सौदी अरेबियाने सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर दिले. देशातल्या श्रीमंत म्हाताऱ्यांकडून एका करमुक्त संस्थेच्या नावाने देणग्या गोळा झाल्या. ब्रुनेईच्या सुलतानाकडून आलेले १ कोटी डॉलर तर स्विस बँकेतल्या खाते क्रमांकाचे आकडे उलटसुलट पडल्याने भलत्याच माणसाच्या खात्यात गेले. लेखापरीक्षण नसलेल्या पैशाचे असेच होते. या व्यवहारात अमेरिकी करदात्याचा पैसा नव्हता, असा बचाव पुढे मांडला गेला. पण पैसा करदात्याचा नव्हता, याच कारणाने करदात्याच्या प्रतिनिधींना विचारण्याची गरज उरली नाही. दुखणे तिथेच होते.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप असा: इतका कडक नियम चांगल्या दानांनाही दारातून परत पाठवील. इतिहासात हे जवळपास घडलेही आहे. जेम्स स्मिथसन हा इंग्रज शास्त्रज्ञ १८२९ मध्ये जिनोआत वारला. पुतण्या निपुत्रिक मेल्यास आपली सगळी संपत्ती अमेरिकेला द्यावी आणि तिच्यातून वॉशिंग्टनमध्ये ज्ञानाच्या वाढीसाठी व प्रसारासाठी संस्था उभारावी, असे त्याच्या मृत्युपत्रात होते. पुतण्या १८३५ मध्ये तसाच गेला. सिनेटर कॅल्हून आणि प्रेस्टन यांनी संसदेत विरोध केला. परक्या माणसाकडून दान घेणे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे आहे आणि राज्यघटनेने तसा अधिकारही दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. विरोधावर मात करून १ जुलै १८३६ रोजी कायदा झाला, सरकारतर्फे रिचर्ड रश लंडनला गेले, तिथल्या चॅन्सरी न्यायालयात दावा जिंकले आणि १८३८ मध्ये १,०४,९६० सोन्याच्या नाण्यांच्या १०५ पिशव्या जहाजातून घेऊन आले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ते सोने वितळवून ५ लाख ८ हजार डॉलरच्या वर भरले. आणि मग व्हायला नको ते झाले. अर्थखात्याने बहुतेक रक्कम आर्कान्सास राज्याच्या कर्जरोख्यांत गुंतवली आणि त्या राज्याने पैसे थकवले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. दुसऱ्याच्या मृत्युपत्राचा पैसा राष्ट्राने बुडवायचा नाही, असा धोशा त्यांनी वर्षानुवर्षे लावला. १८४६ च्या कायद्याने स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली तेव्हा संसदेने मूळ रक्कम सरकारी खजिन्यात सुखरूप आहे असे मानून तीवर ६ टक्के व्याज द्यायचे कबूल केले. सभागृहाने मान्य केलेल्या दानाचे हेच बळ असते. दान बुडाले तरी जबाबदार कोण, हे ठरलेले असते. अ‍ॅडम्स यांना सभागृहात उभे राहून जाब विचारता आला, कारण सभागृहाने ते दान आपले म्हटले होते.

नियमाची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स १९३५ मध्ये वारले तेव्हा त्यांनी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम कोणतीही अट न घालता देशाला ठेवली. तिचे काय करायचे हे संसदेला ठरवता येईना. ती वीस वर्षे पडून राहिली आणि १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास लिहून घेण्याच्या कामी लागली. हा उशीर लाजिरवाणा होता. पण त्यावर उपाय नियम सैल करणे हा नाही. ज्या खात्यांना दानाची गरज वारंवार पडते त्यांना आधीच, मर्यादा आखून, कायद्याने अधिकार द्यावा. अमेरिकेने तसेच केले. राष्ट्रीय उद्यान सेवेला १९२० मध्ये, काँग्रेस ग्रंथालयाला १९२५ मध्ये विश्वस्त मंडळाच्या रूपाने, पुढे इतर अनेक खात्यांना तो मिळाला. दार आहे, फक्त त्याला चौकट आहे.

विनाअट दानाविषयी आणखी एक पुरावा इथेच नोंदवतो, कारण तो मला फार बोलका वाटतो. अमेरिकी खजिन्याला कोणीही, कधीही, कितीही पैसे देऊ शकतो. १८११ पासून तिथे सदसद्विवेकाचा निधी आहे. सरकारला फसवल्याची टोचणी लागलेल्या एका अनामिकाने ५ डॉलर पाठवले, त्यावरून तो सुरू झाला. १९६१ पासून राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी देणग्या घेण्याची सोयही आहे. तिथे वर्षाला काही दशलक्ष डॉलर जमतात आणि कर्ज आहे ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे. म्हणजे सरकारने योग्य वाटेल तिथे खर्च करावा असे म्हणून देणारे फारच थोडे. मोठी देणगी येते ती हेतू घेऊनच येते. हेतू असण्यात गैर काही नाही, परंतु हेतूसकट दिलेला पैसा घेणे म्हणजे दात्याची पसंती सरकारची पसंती करणे. तो निर्णय बंद खोलीत होऊ नये.

मालमत्तेच्या दानात ही अडचण अधिक गडद होते. वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन होल खोऱ्याचे प्रकरण यासाठी मुळातून पाहावे असे आहे. १९२६ मध्ये यलोस्टोन उद्यानाचे अधीक्षक होरेस ऑलब्राइट यांनी धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांना ते खोरे दाखवले. पर्वतांच्या पायथ्याशी पेट्रोल पंप आणि फलक उगवू लागले होते. रॉकफेलर यांनी स्नेक रिव्हर लँड कंपनी या नावाआड राहून सुमारे ३५ हजार एकर जमीन विकत घेतली, ती पुढे उद्यानासाठी सरकारला द्यायची म्हणून. खरा खरेदीदार कोण हे १९३० मध्ये उघड झाले तेव्हा तिथले पशुपालक संतापले. सिनेटची चौकशी बसली. उद्यान वाढवण्याची विधेयके पडत गेली. १५ वर्षे हाती जमीन धरून बसलेल्या रॉकफेलर यांनी १९४२ च्या अखेरीस सरकारला कळवले की, आता घेत नसाल तर विकून टाकीन. मार्च १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी १९०६ च्या पुरातन वास्तू कायद्याखाली घोषणा करून २ लाख २१ हजार एकरांचे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. संसदेने ते रद्द करणारे विधेयक संमत केले, रूझवेल्ट यांनी ते अडवले. मग संसदेने स्मारकाच्या व्यवस्थापनाला पैसेच दिले नाहीत. हे वर्षानुवर्षे चालले. रॉकफेलर यांच्या जमिनीचे दानपत्र १९४९ मध्ये झाले आणि १९५० च्या तडजोडीने आजचे ग्रँड टेटन उद्यान आकाराला आले. मात्र त्याच कायद्यात संसदेने लिहून ठेवले की, यापुढे वायोमिंगमध्ये संसदेच्या स्पष्ट परवानगीशिवाय राष्ट्रीय स्मारक करता येणार नाही. रॉकफेलर यांचा हेतू निर्मळ होता आणि ते खोरे वाचले हे जगाचे भाग्य. तरी गुपचूप खरेदी आणि एकतर्फी घोषणा यांची भरपाई म्हणून एका अख्ख्या राज्यात निसर्गरक्षणाचे एक साधन बोथट झाले, हेही खरे.

शिवाय वस्तू फुकट मिळाली तरी ती सांभाळणे फुकट नसते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कतारकडून बोइंग ७४७-८ विमान भेट म्हणून स्वीकारले. त्याची किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. ते राष्ट्राध्यक्षांच्या वापरायोग्य करायचे, म्हणजे आत कोणी काही लपवले आहे का ते तपासायचे, सुरक्षित संपर्कयंत्रणा आणि संरक्षक साधने बसवायची. हा खर्च करदात्याचा. दान घेणाऱ्या माणसाच्या एका सहीने पुढच्या अनेक वर्षांचा खर्च सभागृहाच्या गळ्यात पडतो. परक्या राज्याच्या भेटीला संसदेची संमती हवी, असे उपकलम १७८७ मध्ये लिहिणाऱ्यांना विमाने ठाऊक नव्हती, पण भेटीने मिंधे होणारी माणसे ठाऊक होती.

दुसरा आक्षेप आणीबाणीचा. पूर, भूकंप, साथ आली असता ठरावांची वाट पाहत बसायचे का? हा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद २६६ सांगतो की, सरकारचा महसूल एकत्रित निधीत जावा, इतर सार्वजनिक पैसा लोकलेख्यात जावा आणि एकत्रित निधीतून कायद्याशिवाय खर्च होऊ नये. फाळणीच्या विस्थापितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी सुरू झाला. तो पूर्णपणे लोकांच्या देणग्यांवर चालतो आणि या चौकटीबाहेर आहे. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदला गेला. पंतप्रधान त्याचे पदसिद्ध अध्यक्ष, तीन केंद्रीय मंत्री पदसिद्ध विश्वस्त. पण २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पंतप्रधान कार्यालयाकडून सांगण्यात आले की, हा भारत सरकारचा निधी नाही आणि त्याची रक्कम एकत्रित निधीत जात नाही. त्याचे लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षक करत नाहीत, सनदी लेखापाल करतात. सरकारी पदांचे वजन वापरून गोळा केलेला निधी सरकारी नाही, ही भूमिका मला पटत नाही. आणि आणीबाणीचे कारणही इथे टिकत नाही, कारण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ४६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीला कोणाही व्यक्तीकडून वा संस्थेकडून देणगी घेण्याची सोय आधीपासून केलेली आहे. म्हणजे संसदेने बांधलेली वाट उपलब्ध होती. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीएम केअर्सची रक्कम तिकडे वळवण्याचा आदेश द्यायला नकार दिला, हे खरे. पण न्यायालयाने वैध म्हटलेली व्यवस्था चांगली असतेच असे नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: कधी कधी दाता सरकारपेक्षा शहाणा असतो आणि त्याची अट लोकहिताची असते. मुंबईत याचे दोन ठळक दाखले आहेत. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडायला १८४० च्या दशकात कॉजवे बांधला, त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, ते सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतल्या देणगीतून. तिथे शिकवणारे सगळे भारतीय असावेत, ही तिची अट. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा इंग्रजांच्या हाती असताना तिचे महत्त्व फार मोठे होते. दोन्ही अटी त्या वेळच्या राज्यकर्त्यांना स्वतःहून सुचल्या नसत्या. म्हणून तर मी दान नको म्हणत नाही, अटही नको म्हणत नाही. अट सर्वांसमोर असावी एवढेच मागणे आहे. टोल न घेण्याचे वचन उघड होते, तेव्हाच ते मोडल्यास लोकांना बोलता येते.

राहिला प्रश्न आपण काय करायचे याचा. आपल्या महापालिकेला, नगरपरिषदेला किंवा जिल्हा रुग्णालयाला कोणी यंत्र, रुग्णवाहिका, उद्यान, चौकातला पुतळा दिल्याची बातमी वाचाल, तेव्हा दात्याचे आभार मानाच, आणि माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: देणगी स्वीकारल्याचा ठराव किंवा मंजुरीचा आदेश, दात्याच्या अटींचे पत्र आणि पुढच्या देखभालीच्या खर्चाची तरतूद. दात्याचे एखादे काम त्याच कार्यालयात अडकले होते का, हेही त्याच अर्जात विचारा. अर्जाला लागतात १० रुपये.